उचल फिटते कशी, आणि का फिटत नाही?

दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्या-वस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन थांबू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी चढतात, पत्र्याची पेटी चढते, बाजरीचं पोतं, कोंबड्या, लेकरं आणि कोयते. पाच-सहा महिन्यांचा संसार तासाभरात भरून होतो आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागतो.

ऊसतोडीला निघालेल्या या माणसांचा व्यवहार इतर मजुरांपेक्षा उलटा असतो. गवंड्याच्या हाताखालचा माणूस दिवस मावळला की हजेरी घेतो. कारखान्यातला फिटर महिना भरला की पगार घेतो. ऊसतोड मजुराने मात्र अजून न तोडलेल्या उसाचे पैसे आषाढ-श्रावणातच घेतलेले असतात आणि ट्रॅक्टर दारात येईपर्यंत ते बहुधा संपलेलेही असतात. लेकीचं लग्न, दवाखाना, बी-बियाणं, घरावरचे पत्रे, कुणाची तरी जुनी देणी. ही आगाऊ रक्कम म्हणजे उचल. नवरा-बायकोच्या जोडीला आज ती लाखाच्या घरात मिळते.

आता कोडं असं. तोडणीचा दर वाढत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तो १४ टक्क्यांनी वाढला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली आणि तो एकदम ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. इतकी पगारवाढ सरकारी कर्मचाऱ्याला एका फटक्यात मिळाली असती, तर पेढे वाटले असते. तरीही उन्हाळ्यात गावी परतणाऱ्या कितीतरी जोड्यांच्या अंगावर बाकी असतेच. दर वाढतो, तर उचल का फिटत नाही?

एका जिल्ह्यात दोन मुलूख

हे समजायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही (लोकांच्या तोंडी अजून नगरच). ऊसतोडीवर लिहिलेल्या बहुतेक मजकुरात मजूर बीडचा असतो आणि ऊस कोल्हापूर-सांगलीचा. नगरमध्ये दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. मजूर पाठवणारे तालुके इथे आहेत आणि मजूर बोलावणारे कारखानेही.

प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या कालव्यांनी आजच्या राहाता, श्रीरामपूर, राहुरी भागाचं नशीब पालटलं. त्याच सुमारास हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना उभा राहिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९४८ साली नोंदलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये निघाला. मग संगमनेर, कोपरगाव, नेवासा, राहुरी अशी कारखान्यांची माळच लागली.

पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र बालाघाटच्या रांगा आणि पर्जन्यछाया. खरिपाची बाजरी, थोडी तूर, पाऊस झाला तर कापूस. दिवाळीनंतर शेतात काम नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर या पट्ट्यातून आणि शेजारच्या बीडमधून कोयता घेऊन निघणाऱ्यांची संख्या फुगत गेली. पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर हा सहकारी कारखाना आहे, पण म्हणून पाथर्डीचा मजूर घरी राहिला असं झालं नाही. तो उत्तर नगरमध्ये जातो, पश्चिम महाराष्ट्रात जातो, कर्नाटकातही जातो.

कारखान्याच्या आसपासच्या गावांतही मजूर असतात. मग दीडशे-दोनशे किलोमीटरवरून माणसं का आणायची? यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचं निरीक्षण नगरलाही लागू पडतं. स्थानिक मजूर संध्याकाळी घरी जातो, पाहुणे आले की सुट्टी घेतो, दर पटला नाही तर दुसऱ्याच्या बांधावर जातो. परगावचा मजूर फडाशेजारीच कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहतो. रात्री दोन वाजता गाडी आली, तरी तो हाकेच्या अंतरावर असतो. आणि उचल घेतलेली असल्यामुळे त्याला मधेच उठून जाता येत नाही.

कोयता म्हणजे दोन माणसं

या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. उचल वाटून टोळी जमवणाऱ्या मुकादमाला विचारलं, टोळी केवढी, तर तो सांगतो, ‘दहा कोयते.’ म्हणजे वीस माणसं.

काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. पुरुष वाकून उसाचा बुडखा जमिनीलगत छाटतो, कारण साखर बुडाकडे जास्त असते आणि वर ठेवलेलं चार बोटांचं खोडही शेतकऱ्याला आणि कारखान्याला खुपतं. वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा भाग, तोडून बाजूला पडतं. पाचट झटकलं जातं. बाई ऊस गोळा करते, हिरव्या वाढ्याचाच वेठ करून मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून चढून वर टाकते. मोळी चाळीस किलोची धरली, तर दोन टनांना पन्नास मोळ्या. म्हणजे दिवसभराच्या तोडणीनंतर त्या फळीवर पन्नास वेळा चढायचं आणि पन्नास वेळा उतरायचं, बऱ्याचदा अंधारात, ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात.

ही डोकी सेंटरची, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या टोळ्यांची, तऱ्हा. टायरगाडीवाल्यांकडे बैल असतात. त्यांना वाहतुकीचे वेगळे पैसे मिळतात, पण बैलांचा खर्चही त्यांचाच आणि कारखान्याच्या काट्यापुढच्या रांगेतली रात्रही त्यांचीच.

यात बाईची मजुरी किती? वेगळी अशी काहीच नाही. ती कोयत्याच्या पोटात गेलेली असते. हिशेबाच्या वहीत नवऱ्याचं नाव असतं, उचल त्याच्या हातात पडते, अंगठा किंवा सही त्याची. निम्म्याहून जास्त ओझं वाहणारी बाई कागदावर कुठेच नसते.

मजुरी वेळेची की वजनाची?

मजुरी मोजायच्या मुख्य दोन रीती. एक वेळेवर, म्हणजे रोज, आठवडा, महिना. दुसरी कामावर, म्हणजे किती नग, किती ब्रास, किती टन. ऊसतोड दुसऱ्या रीतीत बसते.

कामावरची मजुरी मुळात वाईट नाही. हात चालणाऱ्याला ती फायद्याची असते आणि डोक्यावर देखरेख लागत नाही. अडचण येते ती काम मजुराच्या हातात नसतं तेव्हा. तोडणीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो. फड लांब असेल, ऊस लोळलेला असेल, पावसाने रान चिखलाचं झालं असेल, गाडी वेळेवर आली नसेल, कारखान्यात बिघाड होऊन ऊस टाकायची गव्हाण बंद पडली असेल, तर टोळी बसून राहते. रिक्षाचं मीटर सिग्नलला थांबलेल्या वेळेचेही पैसे मोजतं. कोयत्याचं मीटर फक्त वजन मोजतं. थांबण्याचे पैसे कुणी देत नाही, आणि थांबायला लावणारा मजूर नसतो.

वजनही मजूर पाहत नाही. ते होतं कारखान्याच्या काट्यावर, आणि टोळी तेव्हा फडात असते किंवा कोपीत झोपलेली असते. पावती गाडीवाल्याच्या हातात पडते, त्याच्याकडून आकडा मुकादमाला कळतो, मुकादमाकडून टोळीला. आकडा खराही असेल. पण ज्याची मजुरी वजनावर ठरते, त्याने काटा कधी पाहिलेलाच नसतो.

चौकट : एका कोयत्याचा ढोबळ हिशेब

(दर २०२४ च्या करारातला, बाकीचे आकडे उदाहरणादाखल)

दर : टनाला ३६६ रुपये
दोघांची मिळून रोजची तोड : २ टन
रोजची कमाई : ७३२ रुपये, माणशी ३६६
तोडणी, बांधणी, भरणी मिळून १३ तास धरले तर : माणशी तासाला सुमारे २८ रुपये
१०० दिवसांची कमाई : ७३,२०० रुपये
घेतलेली उचल : १,००,००० रुपये
बाजारहाटाची खर्ची, आठवड्याला १,००० प्रमाणे १५ आठवडे : १५,००० रुपये
अंगावर राहिलेली बाकी : ४१,८०० रुपये

हंगाम आखडला की

चौकटीत १०० दिवसांच्या जागी १४० दिवस घाला. कमाई १,०२,४८० होते. पण दिवस वाढले तशी खर्चीही वाढून २०,००० होते आणि साडेसतरा हजारांची बाकी उरतेच. रोजची तोड अडीच टनांवर नेली, तर त्याच १४० दिवसांत १,२८,१०० रुपये होतात आणि मग कुठे आठेक हजार हातात पडतात. म्हणजे उचल फिटायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात, हंगाम लांबला पाहिजे आणि अंग साथ देत राहिलं पाहिजे.

पहिली गोष्ट पावसावर, उसाच्या क्षेत्रावर आणि कारखान्यांच्या गाळपक्षमतेवर ठरते. २०२४-२५ चा हंगाम विधानसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला, ऊस कमी होता आणि मार्च संपेपर्यंत बहुतेक धुराडी थंड झाली. आदल्या वर्षी राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली होती, त्या वर्षी ती ८० लाखांच्या आसपास आली. याची चर्चा साखरेच्या भावाच्या अंगाने पुष्कळ झाली. उचल घेतलेल्या कोयत्यांचे किती दिवस बुडाले, याची फारशी झाली नाही. कारखान्यांनी गाळपक्षमता वाढवली की तेवढाच ऊस लवकर संपतो. कारखान्याला तो फायदा असतो, कोयत्याला तो तोटा असतो.

दुसरी गोष्ट अंगाची. आजारपणाची रजा नाही. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि अनेक टोळ्यांत खाड्याला दंड असतो. कमाई तर बुडतेच, वर दंडही बसतो. बाईची पाळी, गर्भारपण, बाळंतपण, सगळं या खाड्याच्या हिशेबात येतं. फडावर संडास नसतो, पाणी लांबून आणावं लागतं, ओझं थांबत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे सहातली एक. याला कारणं एकाहून जास्त आहेत आणि खासगी दवाखान्यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण दुखणं अंगावर काढणं किंवा एकदाच काय ते उरकून टाकणं, हे खाड्याच्या भीतीतून येतं, हेही तितकंच खरं.

दरवाढ जिरते कुठे?

आता मूळ कोड्याकडे. दर ३४ टक्के वाढला, मग फरक का पडत नाही?

कारण मजूर मिळवण्याची चढाओढ दरावर होत नाही, उचलीवर होते. दर राज्यभर एकच. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना दर काही वर्षांनी बसून तो ठरवतात. कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला ‘मी टनाला दहा रुपये जास्त देतो’ असं म्हणून टोळी ओढता येत नाही. तो म्हणतो, ‘मी दहा हजार उचल जास्त देतो.’ दर वाढला की जोडीची फेडायची ताकद वाढली असं मुकादम धरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात उचलीचा आकडा तेवढाच वर सरकतो. मजूर तो घेतो, कारण गरज त्याच्या दाराशी उभी असते. अशा रीतीने दरवाढ हातात पडायच्या आधीच खर्च होते.

मजूर एवढी उचल घेतोच कशाला, हा प्रश्न शहरात नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर कर्जबाजारात आहे. कालव्याखालच्या बागायतदाराला सोसायटीतून पीककर्ज मिळतं. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर वेळेत फेडलं तर व्याज शून्य. दोन एकर कोरडवाहू असलेल्याच्या पदरात तेवढ्या जमिनीवर जे पीककर्ज पडतं, त्यात लग्न होत नाही आणि दवाखाना भागत नाही. सावकाराचं व्याज परवडत नाही. अशा वेळी मुकादम घरी येऊन लाख रुपये रोख ठेवतो, तारण मागत नाही, वरवर व्याजही लावत नाही. म्हणून त्या घराला मुकादम हीच बँक वाटते.

पण व्याज खरंच लागत नाही का? एक ताळा करून पाहू. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाचा, म्हणजे रोजगार हमीचा, दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तास धरले तर तासाला सुमारे ३७. आपल्या चौकटीतल्या ऊसतोड मजुराला तासाला २८ पडतात. नऊ रुपयांची तफावत. तेरा तास, दोन माणसं, शंभर दिवस असा गुणाकार केला तर साधारण तेवीस हजार रुपये होतात. एक लाखाच्या उचलीवर, सहा-आठ महिन्यांसाठी, तेवीस हजार. मनरेगाचा हा दर काही श्रीमंतीचा नव्हता, सरकारने ठरवलेल्या मजुरीतला तो खालचाच थर म्हणायचा. त्याच्याशी ताडलं तरी ‘बिनव्याजी’ उचलीचं व्याज इतकं निघतं. ते वहीत दिसत नाही, कारण ते कमी मजुरीच्या रूपात कापलेलं असतं.

मग माणसं गावात रोजगार हमीवर का जात नाहीत? हमीचं काम मागितलं की लगेच निघतं असं नाही, पैसे उशिरा येतात, आणि मुख्य म्हणजे हमी आधी लाख रुपये देत नाही. ऊसतोड ही मजुरीपेक्षा कर्जाची सोय म्हणून टिकून आहे, असं माझं मत आहे.

मालक कोण?

ऊस कारखान्याचा सभासद लावतो, कारखाना गाळतो. पण तोडणाऱ्याचा मालक कोण, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

पैशाची वाट अशी असते. कारखाना, किंवा त्याच्या सावलीतली तोडणी-वाहतूक संस्था, बँकेकडून पैसे उभे करून ट्रॅक्टर-ट्रकमालकाशी करार करते आणि त्याला आगाऊ रक्कम देते. वाहनमालक ती मुकादमाला देतो. मुकादम आपल्या ओळखीच्या, नात्यागोत्यातल्या, वाडीवरच्या जोड्यांना वाटतो. परतीच्या वाटेनेही तसंच. पंधरवड्याचं बिल वाहनमालकाकडे येतं, त्यातून उचल वळती होते, मग मुकादम, मग टोळी. कारखान्याच्या हजेरीपटावर ऊसतोड मजुराचं नाव नसतं.

कारखान्याच्या फाटकाच्या आत आणि बाहेर किती अंतर आहे, ते यावरून कळतं. आतल्या साखर कामगाराला वेतन मंडळ १९५० च्या दशकाच्या अखेरीलाच मिळालं. श्रीरामपूर परिसरात लाल झेंड्याच्या संघटना जुन्या. भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, हे सगळं झगडून मिळवलेलं आहे. बाहेरचा माणूस त्याच कारखान्याला ऊस पुरवतो, पण त्याच्याशी कारखान्याचा कागद नाही.

मुकादमाला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. त्याला मजुरीच्या साधारण वीस टक्के कमिशन मिळतं, म्हणजे टनाला सुमारे ७३ रुपये. दहा कोयत्यांच्या टोळीने हंगामात दोन हजार टन ऊस तोडला तर ते १,४६,००० होतात. एका जोडीच्या कमाईच्या दुप्पट, तेही कोयता न धरता. पण उचल बुडाली तर वाहनमालक त्याच्या दारात येतो. एकाच जोडीने दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच निघून जाणं, मुकादमानेच पैसे घेऊन पसार होणं, अशा फिर्यादी पोलीस ठाण्यांत ढिगाने आहेत, आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेले कितीतरी तरुण शेतकरी त्यात बुडाले आहेत. जिथे सगळा व्यवहार आगाऊ पैशावर चालतो, तिथे फसवणूक दोन्ही दिशांनी होते. कधी पैसे वसूल करायला माणसाला डांबून ठेवलं जातं, तेव्हा मात्र तो साधा व्यवहार राहत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणात म्हटलं होतं की मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जात असेल तर त्यामागे उचल आहे असंच धरून चालावं.

पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात?

केंद्र सरकार उसाचा किमान भाव ठरवतं, त्याला एफआरपी म्हणतात. २०२४-२५ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. हा भाव कारखान्याच्या दारातला. ऊस शेतातून दारापर्यंत आणायचा खर्च, म्हणजे तोडणी आणि वाहतूक, त्यातून वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. म्हणजे तोडणीचा दर वाढला की त्याची झळ कारखान्याच्या ताळेबंदाला फारशी बसत नाही, ऊस उत्पादकाला बसते. मजुरांच्या मागण्यांपुढे शेतकऱ्यांना उभं करणं त्यामुळे फार सोपं जातं. ३,४०० मध्ये मजुरी ३६६, म्हणजे साधारण अकरा टक्के.

गंमत अशी की शेतकरी ठरलेल्या दरापेक्षा जास्तच देतो, फक्त ते कुठे लिहिलं जात नाही. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं. म्हणून टोळीला खुशाली द्यावी लागते, ड्रायव्हरला एन्ट्री द्यावी लागते. बागायतदार याला लूट म्हणतात आणि अडवणूक होते हे खरंच आहे. पण अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर खुशाली एवढंच सांगते की कागदावरचा दर बाजारातल्या दरापेक्षा खाली आहे. बांध घातला तरी पाणी कडेने वाट काढतं, तसंच मजुरीचंही होतं, आणि कडेने येणारा हा पैसा सगळ्यांना सारखा मिळत नाही. वाढ्याच्या पेंढ्या गावातल्या दुभत्या जनावरांसाठी विकून बायका जो किरकोळ बाजार करतात, तेवढीच या कमाईतली त्यांच्या हातात थेट येणारी रक्कम.

योग्य मजुरी मोजायची कशी?

‘योग्य’ हा शब्द ऐकायला गुळगुळीत आहे, पण भारतात त्याचं मोजमाप फार पूर्वी ठरलं आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब असा मांडला: एका कमावत्या माणसामागे तीन माणसांचं पोट धरायचं, माणशी २,७०० उष्मांकाचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के घालायला सांगितलं. यातलं गृहीतक नीट पाहा. एकाच्या कमाईत कुटुंब चाललं पाहिजे. कोयत्याच्या पद्धतीत ते उलटं आहे, दोघांनी राबून एक मजुरी.

वजनावरच्या कामालाही किमान मजुरी लावता येते, आणि त्याचा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिला आहे. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेत खड्डा खणायचे, माती वाहायचे दर ठरवले, ते मध्यम ताकदीच्या माणसाने सात तास मन लावून काम केलं तर शेतमजुरीचा किमान रोज पडावा, अशा बेताने. आधी माणूस किती करू शकतो ते पाहिलं, मग दर लिहिला. त्यात मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे. ऊसतोडीत बैठकीत टक्केवारी ठरते. आडवा पडलेला ऊस आणि सरळ उभा ऊस, शंभर फुटांवरची ट्रॉली आणि हजार फुटांवरची, यांचा विचार त्या टक्केवारीत फारसा होत नाही. आठ तासांत एका जोडीने किती ऊस तोडून, बांधून, भरावा हे मोजलं आणि त्यावर किमान मजुरी बसवली, तर टनाचा दर काय निघेल? चौकटीतलं गणित उलटं केलं, तर मनरेगाच्या तासाच्या दराने टनाला ४८० रुपयांच्या पुढे जातं.

किमान मजुरीपेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात मना केलेली वेठबिगार, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटलं. ते प्रकरण दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचं होतं, आणि तिथेही मधे ठेकेदारच होते. ठेकेदार मधे आहे म्हणून मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे.

माथाडीची वाट आणि यंत्राची वाट

मालक एक नाही, काम अंगमेहनतीचं, मधे मुकादम. हेच चित्र एकेकाळी हमालांचं होतं. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर एक साधी युक्ती काढली. मजूर आणि व्यापारी दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती मजुराला द्यायची. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना. मालक बदलला तरी मजुराचं खातं तेच राहतं. ऊसतोडीलाही असंच करा, ही मागणी जुनी आहे.

त्या जागी आलं ते लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. कारखान्यांनी गाळलेल्या टनामागे दहा रुपये द्यायचे, सरकारने तेवढाच वाटा घालायचा. त्याखाली मजुरांची नोंद, ओळखपत्रं आणि मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं अशी कामं सुरू झाली. मुलं आजी-आजोबांपाशी किंवा वसतिगृहात राहून शाळेत टिकली, तर पुढच्या पिढीच्या हातातला कोयता सुटू शकतो, म्हणून ही गोष्ट लहान नाही. पण मजुरी अजून महामंडळातून जात नाही. ती जुन्याच वाटेने, वाहनमालक आणि मुकादम यांच्या हातून जाते. मधल्या हातांना वळसा घालण्यातच तर माथाडी मंडळाचं सामर्थ्य होतं.

दुसऱ्या बाजूने हार्वेस्टर येतो आहे. २०२३ मध्ये राज्यात नऊशे यंत्रांसाठी अनुदानाची योजना निघाली, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी असेल ते. यंत्राला टनामागे मिळणारा दर हाताच्या दरापेक्षा जास्त असतो, आणि २०२३ मध्ये दरवाढीसाठी झालेल्या आंदोलनात ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी नेमका तोच मुद्दा धरला होता: यंत्राला परवडतं ते माणसाला का परवडू नये? लहान तुकड्यांच्या, ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, अरुंद सरीच्या रानात यंत्राला अजून वळता येत नाही. तिथे कोयताच लागतो, आणि मुलं शिकल्यामुळे तो दरवर्षी कमी मिळतो आहे. मजुरांच्या बाजूने बोलणी करायला याहून चांगला काळ पूर्वी आला नव्हता.

२०२४ चा करार तीन हंगामांचा. करार संपला की पुढच्या कराराच्या बैठका लागतात, आणि वर्तमानपत्रात पहिली बातमी टक्क्यांची येते. टक्क्यांच्या जोडीने तिथे आणखी तीन कलमं लिहून घेता येण्यासारखी आहेत. गाडीची वाट पाहण्यात किंवा कारखाना बंद पडल्याने गेलेल्या दिवसाचे पैसे, काट्याच्या वजनाचा निरोप थेट टोळीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर, आणि कोयत्यातल्या बाईच्या नावाने तिच्या स्वतःच्या खात्यात निम्मी मजुरी. यातल्या शेवटच्या दोन कलमांना कारखान्याला जवळपास काहीच खर्च येत नाही.